पहिल्या हाकेला वळायचं नाही

फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. आमच्या हाउन्सलोच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात, की फोनवर बोलताना मध्येच थांबायची आम्हाला सवयच लागली आहे. विमान जाऊ द्यायचं आणि मग वाक्य पुरं करायचं. त्या सकाळीही तसंच झालं. "शालूमावशी..." एवढं मीरा म्हणाली आणि वरून विमान गेलं. मग म्हणाली, "आई झोपेतच... शी जस्ट डिडन्ट वेक अप, मावशी." अशा वेळी माणूस काय वाटेल ते बोलतं. मी विचारलं, "चहा झाला होता का तिचा?" मीराला त्यात काही वावगं वाटलं नाही. "नाही," ती म्हणाली, "तिचा कप घेऊनच वर गेले होते मी."

आमच्या ह्यांनी येऊन गॅस बंद केला, पातेल्यात तोवर काही उरलं नव्हतं. मी खिडकीशी उभी होते. समोर शेजाऱ्यांचं कुंपण, कचऱ्याचे डबे, ओला रस्ता, कोपऱ्यावर शाळेत निघालेली पोरं... आणि मला दिसत होती मातीच्या रंगाच्या भिंतींमधली एक अरुंद गल्ली, तिच्यावर पडलेलं पांढरं ऊन, आणि त्या उन्हातून पाठमोरी, अगदी सावकाश चालत जाणारी विजू. ती काही मेलेल्या माणसासारखी दिसत नव्हती. दुकानातून भाव न पटल्यामुळे उठलेल्या बाईसारखी दिसत होती, आणि ते तिला शोभतही होतं.

विजू मला भेटली ती ओमानमध्ये, निझवा नावाच्या गावात. चहूकडे उघडेबोडके डोंगर, मध्ये खजुराची दाट बनं आणि त्यांच्यामधून खेळवलेलं पाटाचं पाणी. तिचे यजमान तिथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर आणि आमचे हे एक्स-रे विभागात. लग्न होऊन मी नाशिकहून थेट त्या गावात जाऊन पडले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या क्वार्टरमधून एक सडपातळ बाई आली, ओळख ना देख, आणि म्हणाली, "चल, बाजार दाखवते. घरात बसलीस तर रडत बसशील." मी खरंच रडत बसले होते, त्यामुळे मला तिचा रागच आला. पण चपला घातल्या आणि गेले.

तो बाजार मी त्या दिवशी पाहिला की पुढे अनेक दिवस थोडा थोडा पाहत गेले, हे आता मला सांगता येणार नाही. आठवणीत तो सगळा एकाच सकाळी भरतो. किल्ल्याचा अवाढव्य गोल बुरूज, त्याच्या पायथ्याशी उघड्या आकाशाखाली पसरलेली माणसं, झावळ्यांच्या चटयांवर लसणाचे आणि वाळक्या काळ्या लिंबांचे ढीग, खजुरांवर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या, पितळी भांड्यांवर चमकणारं ऊन. आणि सगळ्यांवरून तरंगणारा लोबानचा धूर. शुक्रवारी सकाळी तिथं शेळ्यांचा बाजार भरायचा. घेणारे मध्ये आणि कडेनं बसलेले, आणि विकणारे आपापली शेळी दोरीला धरून त्यांच्यामधून गोल गोल फिरत असायचे. कुणाला शेळी आवडली तर तो हात वर करायचा. मग शेळी थांबायची, तिचे दात बघायचे, पाठ दाबायची, भाव कानात सांगितल्यासारखा सांगितला जायचा, आणि नाही पटला तर शेळी पुन्हा फिरायला लागायची. तोंडावर काळा मुखवटा बांधलेल्या वाळवंटातल्या बायाही बसलेल्या असायच्या, आणि त्यांच्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजायची नाही. त्या वर्तुळाकडे बघता बघता मला गुंगी यायची. आपण बसलो आहोत आणि जग फिरतं आहे असं वाटायचं. पहिल्याच दिवशी एका दुकानात आम्हाला वेलदोड्याचा कडू कहवा दिला. मी संपवला की मालक पुन्हा ओतायचा, मी पुन्हा संपवायची, पानात टाकायचं नाही हे आईचं वळण. शेवटी मला घाम फुटला तेव्हा विजू हसत म्हणाली, "कप हलव जरा. हलवला नाहीस तर तो संध्याकाळपर्यंत ओतेल." आधी सांगितलं असतं तर बिघडलं असतं का? पण गंमत बघायची तिला भारी हौस.

आणि तिथंच तिनं मला चालायला शिकवलं. एका दुकानात मातीची, वर लाल रेघा ओढलेली धुपाटणी होती. लोबानचे खडे निखाऱ्यावर टाकायची ती भांडी. विजूला त्यातलं एक हवं होतं. तिनं आधी दुकानदाराच्या घरच्यांची चौकशी केली, कहवा घेतला, नको असलेल्या चार वस्तू बघितल्या, आणि मग अगदी सहज धुपाटण्याचा भाव विचारला. म्हातारा काहीतरी म्हणाला. विजू काहीतरी म्हणाली. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून आकाशाकडे बघितलं. विजू उठली, त्याला सलाम केला आणि निघाली. मी घाईघाईनं तिच्या पुढे गेले तशी तिनं माझा पदर धरला. "हळू! पळतेस काय? त्याला हाक मारायला वेळ नको का द्यायला?" आम्ही लिंबांच्या ढिगाशी थांबलो, तिनं चपलेचा पट्टा नीट केला. मागून हाक आली. मी वळणार तेवढ्यात ती पुटपुटली, "पहिल्या हाकेला वळायचं नाही." दुसरी हाक आली. मग ती वळली, असं तोंड करून, जणू काही तिला दुकानाची आठवणच राहिली नव्हती.

घरी येताना मी विचारलं, "आणि त्यानं हाक मारलीच नसती तर?"

"तर उद्या मी आपण होऊन गेले असते," ती म्हणाली. "अगं, आपण काही गेलेलो नसतो. निघालेलो असतो. ते त्यालाही ठाऊक असतं. म्हणून तर सगळा बाजार चालतो."

पुढे दोन्ही बिऱ्हाडं इंग्लंडला आली. डॉक्टरांना कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात काम मिळालं, आमच्या ह्यांना विमानतळावर सामानाच्या कामात, आणि काही वर्षांनी मीही तिथल्या अत्तरांच्या काउंटरवर उभी राहिले. प्रत्येक बाटलीवर काळ्या रेघांचं लेबल. मशिनसमोर धरलं की टुक् करायचं आणि भाव कळायचा. एकदा विजू मुंबईला निघाली होती. माझ्या काउंटरशी आली, एक बाटली उचलली, माझ्या इंग्रज सुपरवायझरकडे गोड हसून बघितलं आणि म्हणाली, "अँड लास्ट प्राइस?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सुपरवायझर भला माणूस, त्याला वाटलं तिला सेल कधी संपतो ते हवं आहे. त्यानं ते समजावून सांगितलं, विजूनं मान डोलावली, बाटली ठेवली आणि निघाली. हळू. मला तिची ती पाठ दिसत होती आणि हसू आवरत नव्हतं. कोणी हाक मारणार नव्हतं. पंधरा पावलांवर तीही थांबली, मागे बघून मला डोळा मारला आणि गेली.

पण कॉव्हेंट्रीत तिला ते हसण्यावारी नेता येत नसे. तिथल्या मार्केटात भाजीवाल्याशी हुज्जत घालून ती निघाली की तो मागून मोठ्या आनंदानं ओरडे, "टेक केअर, लव्ह!" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. मग बिचारी सगळ्या मार्केटला एक फेरी मारून, चेहऱ्यावर काही न दाखवता, तीच फुलकोबी त्याच भावात घेऊन यायची. एकदा मला फोनवर म्हणाली, "शालू, माणसं फार सभ्य आहेत गं इथली. पण निघालेल्या माणसाला कुणी थांबवत नाही." मी म्हटलं, आता फुलकोबीवरून तत्त्वज्ञान नको. ती हसली. पण ते वाक्य तिच्या मनात घर करून होतं, हे मला पुढे कळायचं होतं.

मीरा तिची एकुलती एक, कॉव्हेंट्रीत जन्मलेली. निझवा तिनं फक्त ऐकलेलं. लहानपणी तिला झोपवताना विजू तो बाजार सांगायची. शेळ्या गोल फिरतायत, गोल फिरतायत, एक पांढरी, एक काळी, आता थांबली, आता पुन्हा निघाली... त्या फेऱ्यांतच पोर झोपून जायची. मोठी झाली, वॉटफर्डला नोकरी लागली, डॅनियलशी लग्न झालं. डॅनियल सरळ माणूस, सासूला 'आई' म्हणणारा, फक्त त्याचा उच्चार असा की ठेच लागल्यासारखं वाटायचं. डॉक्टर गेल्यावर त्या दोघांनी विजूला वॉटफर्डला आणलं. मागच्या बाजूची, बागेकडे उघडणारी खोली दिली. खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर ते मातीचं धुपाटणं आलं. निझवातल्या शेजारणींचं बघून विजू गुरुवारी संध्याकाळी घरात लोबानचा धूर करायची, ती रीत तिनं कधी सोडली नव्हती.

आणि त्या घरात धुराचा अलार्म होता. दर गुरुवारी तो कोकलायचा, डॅनियल टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालायचा, त्याला दम्याचा त्रास, तो खोकत खोकत "नो प्रॉब्लेम, आई" म्हणायचा. शेवटी एका गुरुवारी मीराचं डोकं फिरलं. "मम, प्लीज! नॉट इन द हाउस!" म्हणत तिनं धुपाटणं उचललं आणि मागच्या दारानं बाहेर न्यायला गेली. भांडं गरम होतं, हाताला चटका बसला, ते फरशीवर पडलं आणि फुटलं. मीरा सॉरी म्हणाली. पण तिच्या आवाजात अजून राग होता आणि विजूला फक्त तो ऐकू आला. "माझी अडचण होते आहे तुम्हाला," विजू म्हणाली. "मी निघते." "फाइन," मीरा म्हणाली, "इफ दॅट्स व्हॉट यू वॉन्ट." विजूनं बॅग भरली.

ती आमच्या दारात आली तेव्हा अंधार पडला होता. आत येऊन बसली, पाणी प्यायली, आणि लहान मुलीसारखी माझ्याकडे बघून म्हणाली, "तिनं हाकच मारली नाही गं." मग हळूहळू सगळं सांगितलं. गेटपाशी थांबले. चपलेचा पट्टा नीट केला. लाल टपालपेटीपाशी बॅग खाली ठेवून हात बदलला. कोपऱ्यावरच्या बाईची गुलाबं बघत उभी राहिले. स्टॉपवर बस आली, ती सोडली. पुढची आली, तीही सोडली. मग ड्रायव्हरनं स्वतःच दार उघडून विचारलं, "यू ऑल राइट, लव्ह?" म्हटल्यावर चढावंच लागलं. मला हसू येत होतं आणि रडूही. मी तिला म्हटलं, "अगं बाई, ते पोरगं निझवाच्या बाजारात वाढलंय का?" पण विजूचं ऐकणं त्या दिवशी बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मीराचा फोन. "मावशी, आई तुमच्याकडे आहे ना? इज शी ओके?" मी म्हटलं, आहे, तू का नाही थांबवलंस? तर म्हणाली, "मी वरचा विंडोमधून बघत होते. ती एवढं हळू जात होती, मला वाटलं, शी इज मेकिंग अ पॉइंट. तिला जायचं आहे तर तिचा डिसिजन आहे. आय वॉज रिस्पेक्टिंग हर." दोघींपैकी कुणाचं चुकलं होतं? एक जण थांबवावं म्हणून चालत होती आणि दुसरी मान राखायचा म्हणून गप्प उभी होती. मी फोन ठेवला आणि विजूला म्हटलं, एक वाक्य बोलू दे मला तिच्याशी, सगळं मिटेल. विजू ताडकन म्हणाली, "खबरदार! सांगून मारलेली हाक मला नको. शब्द दे." मी दिला. मैत्रिणीला दिलेला शब्द एवढा जड असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

तो सगळा हिवाळा ती आमच्याकडे राहिली. मायलेकी फोनवर रोज एकमेकींना विचारायच्या, "ओके?" आणि उत्तर यायचं, "ओके." बस. मध्येच विजूला जिने चढताना धाप लागायला लागली. हृदय थकलंय, म्हणाले तज्ज्ञ. ते मीराला मी कळवलं, ती हॉस्पिटलात आलीही, दोघी शेजारी बसून भिंतीवरची पोस्टरं वाचत राहिल्या. मला रात्रंदिवस एकच धास्ती. हाक यायच्या आधी ही बाई खरोखरच गेली तर? मग त्या मुलीला जन्मभर ती खिडकी पुरेल. दुपारी विजू सोफ्यावर पडायची, अर्धवट झोपेत बडबडायची. पांढरी शेळी थांबली... नको, दात बघ आधी... वरून विमान जायचं आणि तिला वाटायचं डोंगरावरून वारा येतोय. एकदा डोळे उघडून अगदी शुद्धीत म्हणाली, "शालू, एकदा जाऊन येऊ या का?"

मी मीराला फोन केला. दिलेला शब्द मोडला नाही. एवढंच म्हटलं, "आम्ही दोघी म्हाताऱ्या निझवाला निघालोय. तुझ्या आईला विमानतळावर फार चालू द्यायला डॉक्टर नको म्हणतात आणि मला तिची व्हीलचेअर ढकलवत नाही. येतेस?" तिनं तारीख विचारली. मग, "येते." विमानात मी मध्ये आणि त्या दोघी दोन्हीकडे. जेवणाचे ट्रे सुद्धा माझ्यावरून इकडून तिकडे जात होते.

निझवा आता चकचकीत झालंय. मोठे रस्ते, गाड्या लावायला प्रशस्त जागा, भिंती लिंपून काढलेल्या, कॉफीची दुकानं. आमच्या म्हाताऱ्याच्या दुकानाच्या जागी आइस्क्रीम मिळत होतं. विजू त्याच्यासमोर जरा उभी राहिली आणि मग म्हणाली, "चला, शुक्रवार आहे." आणि शेळ्या तिथंच होत्या. तसंच वर्तुळ, तीच धूळ, तेच गोल गोल... मीरानं फोन वर धरला होता फोटो काढायला, तो हळूहळू तिच्या हातात खाली आला. "मला वाटायचं, आई हे मेक अप करते," ती माझ्या कानात म्हणाली. आम्ही तिघी एका कट्ट्यावर बसलो, किती वेळ बसलो कोण जाणे. ऊन चढत गेलं, शेळ्या फिरत राहिल्या. माझी निघून गेलेली वर्षंही त्याच धुळीतून फेऱ्या घालत असावीत असं वाटत होतं.

तिथून बाजारात आलो. एका नव्या दुकानाबाहेर धुपाटणी मांडलेली होती, लाल रेघांची. विजू खाली वाकली, एक उचललं, उलटं करून बघितलं. दुकानदार पोरसवदा, कानाला फोन. त्यानं बोटांनीच भाव सांगितला. विजूनं आपल्या गंजलेल्या अरबीत आपला भाव सांगितला. त्यानं खांदे उडवले आणि फोनवर बोलत राहिला. विजूनं धुपाटणं जागेवर ठेवलं, "शुक्रन" म्हणाली आणि निघाली.

हळू. लिंबांच्या दुकानाशी थांबली, एक लिंबू हुंगलं, ठेवलं. पर्स या हातातून त्या हातात घेतली. वाकून चपलेचा पट्टा नीट केला. दुकानदाराचं लक्षच नव्हतं. मीरा माझ्या शेजारी उभी होती. "मावशी, आईचा गुडघे दुखतात का? व्हाय इज शी वॉकिंग लाइक दॅट?"

मला माझा शब्द आठवला. पण ती बाजारातलं विचारत होती, घरातलं नव्हे. मी म्हटलं, "दुकानदारानं हाक मारावी म्हणून."

"पण शी लेफ्ट. ती नको म्हणाली ना?"

"ती गेलेली नाही गं. निघाली आहे फक्त. इथं असंच असतं. निघायचं, हळू चालायचं आणि हाकेची वाट बघायची."

मी मीराकडे बघितलं. ती आईच्या पाठीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती पाठ, ते पर्स बदलणं, तो चपलेचा पट्टा तिनं आधी पाहिला होता. "ओह," ती म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, "ओह नो..."

आणि मग माझ्या कानाशीच ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी दचकले. "आई!" बाजारातली माणसं वळून बघायला लागली. विजू वळली नाही. पाय मात्र अडखळल्यासारखे झाले. "आई!" विजू थांबली, आमच्याकडे पाठ करूनच. मीरा रडत होती, ओढणीनं नाक पुसत होती. "आई, परत ये ना गं! घरी चल ना!"

विजू वळली. आली तशीच सावकाश परत आली. जवळ आल्यावर तिच्या तोंडातून निघालं काय, तर, "भाव कमी केला का त्यानं?" मीरानं तिला घट्ट मिठी मारली. हा काय प्रकार चाललाय ते न कळून घाबरलेल्या दुकानदारानं धुपाटणं गुपचूप विजूच्या भावात कागदात गुंडाळून दिलं. संध्याकाळी हॉटेलात मला एकटीला गाठून विजूनं विचारलं, "तू सांगितलंस?" मी म्हटलं, "तू अशी का चालतेस, एवढंच तिनं विचारलं. मी बाजाराची रीत सांगितली. बाकी तिचं तिनं ओळखलं." विजूनं जरा विचार केला. "मग चालेल," म्हणाली.

परत आल्यावर ती वॉटफर्डला गेली. दर गुरुवारी बागेत धूर व्हायचा आणि पाऊस असला की डॅनियल धुपाटण्यावर छत्री धरून उभा राहायचा, स्वतः भिजत. तिला त्यानंतर जे दिवस मिळाले ते सुखाचे होते, हे मी छातीठोकपणे सांगते. अंत्यविधीच्या वेळी आम्ही दहनगृहातल्या लोकांना विचारलं, आत लोबान जाळता येईल का? नाही म्हणाले, अलार्म आहेत. मग मीरानं आईच्या ओंजळीत लोबानचे मूठभर खडे ठेवले. शवपेटीपुढे पडदा सरकला. थोड्या वेळानं मीरा मला हळूच म्हणाली, "आता ते जळतील ना, मावशी?" मी म्हटलं, जळतील. अलार्म काही वाजला नाही.

गेल्या गुरुवारी मी वॉटफर्डला गेले होते. विजूची खोली तशीच आहे. खिडकीच्या कट्ट्यावर नवं धुपाटणं, त्यात थंड राख. कपाट उघडलं की अजून तो वास येतो. मीरानं चहा केला, आईसारखाच कडक आणि फार गोड. उजेड कमी व्हायला लागला तशी मी उठले, "येते गं" म्हटलं आणि बाहेर पडले. गेटपाशी माझा चपलेचा पट्टा सुटला, खरोखरच सुटला, मी वाकून तो लावला. टपालपेटीपाशी पोचले. समोरून बस येताना दिसत होती. माझे गुडघे आताशा मला भरभर चालू देत नाहीत, त्यामुळे मी कशी चालत होते ते सांगायला नको.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. "मावशी!"

पहिल्या हाकेला वळायचं नाही, हे तिच्या आईनंच मला शिकवलं होतं. मी वळले. मीरा दारात उभी होती, पायात आईच्या सपाता.

"काय गं? काही विसरले का मी?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. मी जस्ट... हाक मारली."

मी परत फिरले. बस निघून गेली.